कडेला उभे असलेले ते कोण? जुन्या लग्नाच्या फोटोतील ओळख दर वेळी बदलत असेल तर

घरातला जुना ग्रुप फोटो दिवाळीला, बारशाला किंवा वर्षश्राद्धाला ट्रंकेतून बाहेर निघतो. आजी-आजोबा, काका, आत्या यांची नावे सगळ्यांना पाठ असतात, आणि मग बोट सरकत सरकत कडेच्या एका माणसावर येऊन थांबते. तो घरातला नाही, पण गावातला नक्की आहे. त्याच्याविषयी दोन-चार गोष्टीही सगळ्यांना ठाऊक असतात, फक्त नाव प्रत्येक जण वेगळे सांगतो. चर्चा होते, कुणाच्या तरी वयाला मान देऊन एक नाव ठरते, आणि पुढच्या दिवाळीला तोच फोटो, तोच माणूस आणि नवे नाव. आमच्या घरी हे पंधरा वर्षे चालले होते. शेवटी जेव्हा छडा लागला तेव्हा कळले की चूक माणसांच्या आठवणीत कमी होती. फोटोच्या प्रतीत आणि आमच्या विचारण्याच्या पद्धतीत ती जास्त होती. ज्यांच्या घरी असा फोटो आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आमचा फोटो सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, थोरल्या काकांच्या लग्नात काढलेला आहे. खुर्च्यांवर बसलेली एक रांग, मागे नऊ पुरुषांची उभी रांग आणि पुढे सतरंजीवर मुले. मूळ प्रत पोस्टकार्डाएवढी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली असून ती आत्याकडे असते. तिच्यावरून नव्हे, तर स्टुडिओत जपून ठेवलेल्या निगेटिव्हवरून पुष्कळ वर्षांनी एक मोठी प्रत करून घेतलेली होती, आणि ती काचेच्या चौकटीत आमच्या माजघराच्या भिंतीवर आहे. मूळ पुठ्ठ्याच्या मागे आजोबांच्या अक्षरात नावे आहेत, आणि त्यात एक ओळ आहे, ‘उभे, डावीकडून तिसरे, तात्या’. भिंतीवरच्या फोटोत डावीकडून तिसरे गृहस्थ कोट-टोपीतले आहेत, आणि त्यांना आम्ही सगळे तात्या मास्तर समजत होतो. आत्या मात्र दर वेळी एकच सांगायची, ‘अरे, ते मास्तर नव्हेत, मास्तर तेव्हा गावात आलेच नव्हते.’ ती ऐंशीच्या पुढची, म्हणून तिचे म्हणणे आम्ही हळूच बाजूला ठेवत होतो. हे आमचे चुकलेच.

या घोळाचे पहिले कारण आपल्या बोलण्यातच आहे. तात्या, नाना, आबा, अण्णा, भाऊ ही नावे नव्हेत, हाका आहेत, आणि एका गावात एकाच वेळी तीन तात्या सुखाने नांदत असतात. आमच्या बाबतीत आजोबांचे एक चुलत भाऊ तात्या, शाळेचे मास्तर तात्या आणि लग्नकार्यात व जत्रेत गॅसबत्त्या सांभाळणारे एक तात्या, असे तिघे निघाले. लिहिणाऱ्याला कोणता तात्या हे सांगायची गरज वाटली नाही, कारण त्याच्या काळी ते उघड होते. म्हणून फोटोमागे नुसती हाक लिहिलेली असेल तर तिला उत्तर समजू नये. ती फक्त एक दिशा आहे, आणि त्या हाकेचे त्या काळी गावात किती जण होते याची यादी सर्वांत आधी करावी.

दुसरे कारण आहे ‘डावीकडून’ या शब्दात. पाहणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्यांच्या डाव्या हाताकडून, हे क्वचितच लिहिलेले असते. उभ्या रांगेत दोन डोक्यांच्या मधून अर्धवट दिसणारा मुलगा मोजला की नाही, यावरून पुढची सगळी नावे एकेका जागेने सरकतात. अशा वेळी ज्यांच्याविषयी मुळीच शंका नाही अशा दोन माणसांवर ती यादी लावून पाहावी. ती दोघे जर आपापल्या जागी बसली तर मोजण्याची दिशा सापडली असे धरता येते.

आमच्या घरी हे करून पाहिले तेव्हाच खरा दोष सापडला. आत्याकडच्या मूळ प्रतीवर यादी अचूक बसत होती आणि भिंतीवरच्या प्रतीवर मुळीच बसत नव्हती. भिंतीवरची प्रत उलटी छापलेली होती, म्हणजे आरशात दिसावी तशी. नऊ जणांच्या रांगेतले डावीकडून सातवे गृहस्थ त्या प्रतीत तिसरे झाले होते, आणि पंधरा वर्षे आम्ही आजोबांनी लिहिलेले नाव भलत्याच माणसाला लावत होतो.

हा दोष वाटतो त्यापेक्षा पुष्कळ घरांत आढळतो, म्हणून त्याचे कारण नीट समजून घेणे बरे. निगेटिव्हच्या एका बाजूला चित्र धरणारा थर असतो. जुन्या पद्धतीत निगेटिव्ह थेट कागदावर दाबून तेवढ्याच मापाची प्रत काढत, तेव्हा हा थर कागदाला टेकलेला नसला तर चित्र पुसट येई, आणि चूक लगेच लक्षात येई. एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रत काढण्याच्या यंत्रात, मात्र निगेटिव्ह उलटी ठेवली तरी भिंग मागेपुढे करून चित्र स्वच्छ करता येते, त्यामुळे उलटी प्रतही झकास दिसते आणि कुणाला शंका येत नाही. आज घरच्या स्कॅनरवर निगेटिव्ह चढवताना नेमके हेच पुन्हा घडते.

मराठी घरातल्या फोटोत उलटेपणा ओळखायला साधने हाताशीच असतात. नथ डाव्या नाकपुडीत असते. नवरीची नथ उजवीकडे दिसली की प्रत आधी संशयाने पाहावी. पुरुषांच्या सदऱ्याचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, आणि बटणपट्टीत डावी बाजू वर येते. मनगटी घड्याळ बहुधा डाव्या हातात, भिकबाळी उजव्या कानात. मुंजीच्या फोटोत जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली गेलेले दिसायला हवे. पदरावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण डोक्यावरून घेतलेला पदर दोन्ही खांद्यांवर येतो. एका खुणेवर विसंबू नये, पण तीन खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की पुरे. आमच्या भिंतीवरच्या फोटोत चार जणांच्या सदऱ्यांचे खिसे उजवीकडे होते. हे आम्ही रोज जेवताना पाहत होतो.

प्रत सुलट असल्याची खात्री झाली की मग साल. व्यक्ती आधी आणि साल नंतर, असा उलटा प्रवास करणाऱ्यांची बहुतेक फसगत होते, कारण एकदा नाव मनात बसले की साल त्याला सोयीचे वाटू लागते. पुठ्ठ्याची मागची बाजू, स्टुडिओचा रबरी शिक्का आणि कोपऱ्यातला दाबून उठवलेला ठसा यांतून साल पुष्कळदा निघते. उठवलेला ठसा सरळ प्रकाशात दिसत नाही. खोली अंधारी करून बॅटरीचा झोत फोटोच्या कडेने, जवळजवळ सपाट धरला की अक्षरे वर येतात. आमच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओच्या पत्त्यात ‘जि. उत्तर सातारा’ असे होते. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग १९४९ साली झाले, आणि १९६० साली उत्तर साताऱ्याचा पुन्हा सातारा आणि दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. म्हणजे त्या एका शब्दाने फोटो अकरा वर्षांच्या आत आणून ठेवला. आपल्या भागातही अशा खुणा असतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ साली झाला. मागे पेन्सिलीने किंमत आण्यांत लिहिलेली असेल तर ती बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीची, पण लोक पुढेही काही वर्षे आण्यांतच बोलत, म्हणून ही खूण कच्ची समजावी. कागदाच्या मागे ‘ओर्वो’ हे पूर्व जर्मनीतल्या फिल्म आणि कागदाचे नाव दिसले तर तो १९६४ नंतरचा, कारण ते नावच त्या साली आले. शिक्का जुना राहून वर्षानुवर्षे वापरला जातो, हेही विसरू नये.

लग्नाच्या फोटोला लग्नपत्रिकेसारखा पुरावा नाही. पत्रिका जपून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहेच, फक्त तिच्यावर बहुधा शके आणि तिथी असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. आमच्या पत्रिकेवर शके १८७६, वैशाख होते, म्हणजे १९५४. शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या फलकावर तात्या मास्तरांचे पहिले वर्ष १९५८ आहे. आत्या पहिल्यापासून बरोबर सांगत होती.

तिचे म्हणणे का बरोबर ठरले, याचा मी नंतर विचार केला. सासरी गेलेल्या बाईच्या मनात माहेरचे गाव तिच्या लग्नाच्या वर्षी जसे होते तसेच राहते. गावात राहिलेल्या माणसाच्या आठवणीत १९५४ चा तात्या, १९६० चा तात्या आणि १९७५ चा तात्या एकमेकांवर चढतात, कारण तो त्या सगळ्यांबरोबर जगला. आत्याचे लग्न १९५६ मधले, म्हणून तिच्या गावात मास्तर कधी आलेच नाहीत. जुन्या फोटोतल्या गावकऱ्याची ओळख विचारायची असेल तर प्रथम अशा माहेरवाशिणींना विचारावे, आणि प्रत्येकीच्या लग्नाचे साल तिच्या सांगण्याच्या शेजारी लिहून ठेवावे.

मूळ प्रत स्कॅन करताना साध्या कागदी प्रतीला ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई, दर इंचाला ठिपके) पुरते. पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहान प्रतीला १२०० घ्यावे, आणि मागची बाजूही स्कॅन करावी. लईने अल्बममध्ये चिकटवलेला फोटो सोलून काढू नये. पान तसेच ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल अगदी समांतर धरून फोटो घेतला तरी काम भागते. एका गोष्टीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. चेहरा ‘स्वच्छ’ करून देणारी जी अॅप सध्या घरोघरी वापरली जातात, त्यांतून काढलेले चित्र ओळख पटवायला कधीही दाखवू नये. ते पुसट चेहऱ्यातला हरवलेला भाग परत आणत नाहीत, नवा भाग रचून देतात, आणि तो रचलेला चेहरा कुणाच्या तरी चेहऱ्यासारखा असतोच. आमच्या एका भावाने असे चित्र कुटुंबाच्या गटात टाकले आणि दोन दिवसांत तिघांनी तिसरेच नाव निश्चित केले.

मोठ्या स्कॅनमध्ये चेहऱ्याआधी हात, पाय आणि आसपासच्या वस्तू पाहाव्यात. मूळ प्रतीतल्या डावीकडून तिसऱ्या गृहस्थांनी गडद रंगाचा फेटा बांधला आहे, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, पायात काही नाही. त्यांच्या पायाशी इतकी वर्षे तांब्या वाटलेली एक वस्तू होती. स्कॅन मोठे केल्यावर त्या तांब्याच्या कुशीतून बाहेर आलेली पंपाची मूठ दिसली, वर काचेची कड दिसली, आणि ती रॉकेलची टाकी असलेली गॅसबत्ती आहे हे स्पष्ट झाले. दिवसाउजेडी फोटोत बत्ती कशाला, तर मुहूर्त गोरज होता; दिवस मावळायच्या आत टाक्या भरून, पंप मारून बत्त्या तयार ठेवाव्या लागत, आणि रात्री वरात त्याच उजेडात निघत असे. ते त्या क्षणी कामावर होते, आणि कुणीतरी, बहुधा आजोबांनीच, त्यांना हाक मारून रांगेत उभे केले.

फेट्याचा रंग सांगताना जपावे. जुन्या काचेच्या निगेटिव्ह आणि फिल्म, विशेषतः १९३० च्या आधीच्या, तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत; लाल फेटा, कुंकू आणि हिरव्या चोळीचा लाल काठ हे सगळे काळे येई आणि निळे वस्त्र पांढुरके. ‘काळा फेटा म्हणजे ते आमचे नव्हेत’ असा वाद त्यामुळे व्यर्थ ठरतो.

फोटोतली व्यक्ती दारावर येणाऱ्यांपैकी असेल तर वेषावरून भूमिका लगेच कळते. मोरपिसांची उंच टोपी, घोळदार अंगरखा आणि चिपळ्या असल्या की वासुदेव. कवड्यांच्या माळा, संबळ किंवा तुणतुणे म्हणजे गोंधळी. भंडाऱ्याची पिशवी आणि दिमडी खंडोबाच्या वाघ्याची. उघड्या अंगावर हळद-कुंकू आणि हातात आसूड पोतराजाच्या. पण भूमिका कळली म्हणजे माणूस कळला असे नाही. गावच्या जत्रेत सोंगे निघत, शाळेच्या संमेलनात मुले वासुदेव होत, आणि तसा एखादा फोटो हौसेने काढलेला असू शकतो. गोंधळ्याच्या बाबतीत एक चांगला मार्ग आहे. लग्नानंतरचा कुलदैवताचा गोंधळ घालायला पुष्कळ घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यातले गोंधळी येतात. आज आपल्या घरी जे येतात त्यांना फोटो दाखवावा, त्यांच्या आजोबांना ते आपल्यापेक्षा लवकर ओळखतील.

इथे या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. घरातल्या पन्नास जणांना फोटो पुन्हा पुन्हा दाखवून बाहेरच्या माणसाचे नाव मिळत नाही. ते त्याच्या घरच्यांना विचारावे लागते. जुन्या याद्यांत नातलगांची पूर्ण नावे असतात आणि राबणाऱ्या माणसांच्या जागी ‘गडी’, ‘बत्तीवाला’, ‘स्वयंपाकाची बाई’ एवढेच असते, कधी नुसती जात. जमिनीच्या उताऱ्यात भूमिहीन माणूस सापडत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर किंवा गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, यांत नाव असू शकते, पण तिथे चेहरा नसतो. दोन्ही एकत्र असतात ते फक्त त्याच्या घरात.

मी गावी गेलो आणि बत्त्या भाड्याने देणारे तात्या कोणत्या आळीत राहत असत हे विचारत त्यांच्या घरी पोहोचलो. त्यांची धाकटी मुलगी, आता वयस्क, तिथेच होती. फोटो मी पिशवीतच ठेवला आणि नाव सुचवले नाही. आधी लग्नांविषयी विचारले, बत्त्या किती होत्या, मेंटल, म्हणजे बत्तीतली उजेड देणारी जाळी, कुठून आणत, वडील दिसायला कसे होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘त्यांची डाव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती, बैलगाडीच्या जोखडात सापडली होती.’ मग संपूर्ण फोटो दाखवला, बोट न ठेवता. त्यांनी क्षणभर रांग पाहिली आणि तिसऱ्या माणसावर हात ठेवला. काही वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर मी मोबाइलवर तेवढा भाग मोठा केला. डावा हात उपरण्याच्या टोकावर आहे आणि करंगळी आत वळलेली आहे. भिंतीवरच्या उलट्या प्रतीत तीच करंगळी उजव्या हाताची दिसते, आणि ती प्रत घेऊन गेलो असतो तर हा पुरावा मी स्वतःच नाकारला असता.

विचारण्याची हीच पद्धत ठेवावी, असे मला मनापासून वाटते. प्रत्येकाला वेगळे गाठावे, चार जण एकत्र बसले की सर्वांत मोठा आवाज जिंकतो. फोटोआधी बोलणे काढावे, ओळखीच्या शारीरिक खुणा आधी सांगून घ्याव्यात, आणि ‘हे अमुकच ना?’ असे कधीही विचारू नये, कारण वडीलधारी माणसे पाहुण्याचे मन मोडत नाहीत. चेहरे जुळवायचे असतील तर कानाची ठेवण पाहावी. केस, मिशी आणि गाल बदलतात, कानाचा आकार फारसा बदलत नाही. घरच्यांची हरकत नसेल तर बोलणे ध्वनिमुद्रित करावे.

शेवटी नोंद, कारण ती नीट न केल्यामुळेच हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. जुन्या कागदी प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहावे. बॉलपेनची रेघ पुढे उमटते. गुळगुळीत प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो पाकिटात ठेवून पाकिटावर लिहावे, तेही फोटो आत घालण्यापूर्वी. प्रत लॅमिनेट करू नये. नावापुढे हे कुणी सांगितले, केव्हा सांगितले आणि कशावरून सांगितले हे असायलाच हवे, आणि खात्री नसेल तर ‘बहुधा’ हा शब्द लिहायला संकोच करू नये. आजोबांची ओळ मी खोडली नाही. तिच्या खाली तात्यांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, लिहिले आहे, आणि पुढे ‘पाहणाऱ्याच्या डावीकडून, मूळ प्रतीप्रमाणे, मुलीने ओळखले, डाव्या करंगळीवरून, भिंतीवरची प्रत उलटी होती’ एवढे. ते नाव इथे देत नाही, ते त्यांच्या घरचे आहे. सातव्या जागी उभे असलेले कोट-टोपीतले गृहस्थ आजोबांचे चुलत भाऊ निघाले. तेही तात्याच, पण आजोबांनी त्यांचे नाव यादीत पूर्ण लिहिले होते, फक्त आम्ही ते शेवटपर्यंत वाचले नव्हते.

त्या घरी तात्यांचा एकही फोटो नव्हता. मूळ प्रतीच्या स्कॅनवरून दोन मोठ्या प्रती सुलट करून घेतल्या. एक आमच्या माजघरात जुन्या चौकटीत बसवली, आणि दुसरी तेवढ्याच मापाची, संपूर्ण रांगेसह, त्यांच्या घरी नेऊन दिली.